तबकडीवरील आवाज आणि लिखित इतिहासाचे मौन : बाई सुंदराबाई यांच्या निमित्ताने

सारांश

पुण्याच्या बाई सुंदराबाई, म्हणजेच सुंदराबाई जाधव, या दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील नामांकित गायिका. लावणी, ठुमरी, गझल, भजन असे विविध प्रकार त्यांनी गायिले व त्यांचे गायन ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रित झाले. 'एकच प्याला' या नाटकातील अनेक पदांच्या चाली त्यांच्याकडून आलेल्या आहेत. तरीही मराठी संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातील एका वाक्यापुरता येतो. त्यांचा पुनर्शोध म्हणजे हरवलेल्या व्यक्तीचा शोध नसून श्रेयाच्या नोंदीची दुरुस्ती आहे, आणि ती करण्यासाठी ध्वनिमुद्रिकेला लिखित कागदाइतकेच प्रमाण मानावे लागेल, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

कळव्याहून खाडीपूल ओलांडून ठाण्यात गेल्यास मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन लागते. १९७८ साली उभ्या राहिलेल्या या नाट्यगृहाला ज्या नाटककाराचे नाव दिलेले आहे, त्याच्या 'एकच प्याला' या नाटकाने मराठी रंगभूमीवर अपूर्व यश मिळविले. या यशाचे श्रेय गडकऱ्यांच्या भाषेला दिले जाते, बालगंधर्वांच्या सिंधूला दिले जाते, क्वचित पदे रचणाऱ्या विठ्ठल सीताराम गुर्जरांनाही दिले जाते. ती पदे ज्या चालींवर बसविली गेली, त्या चाली कोणाच्या कंठातून आल्या हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

प्रश्न एका नाटकापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ज्या स्त्रियांनी व्यवसाय म्हणून गायन केले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आपल्याविषयी काही लिहून ठेवले. आत्मचरित्रे लिहिली ती नटांनी व संगीतकारांनी. संस्था उभारल्या, ग्रंथ छापले व अभ्यासक्रम ठरविले तेही बहुतांशी पुरुषांनीच. लिखित साधनांवर विसंबलेल्या इतिहासात या गायिका केवळ प्रसंगोपात्त येतात. परंतु त्याच काळात एक नवे साधन अस्तित्वात आले होते. त्याला लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती, आणि त्यावर या स्त्रियांचा आवाज त्यांच्या नावासह कोरला गेला. ते साधन म्हणजे ग्रामोफोनची तबकडी होय.

तबकडी : एक ऐतिहासिक साधन

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी त्या वेळी ज्या कलावंतांचे गायन मुद्रित केले, त्यांत गौहरजान या प्रमुख होत्या. तबकड्या आरंभी जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला व हा व्यवसाय येथे स्थिरावला. प्रारंभीच्या मुद्रणात आवाज कर्ण्यात सोडावा लागे. १९२५ नंतर विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे आवाजातील बारकावे टिपणे शक्य झाले.

या व्यवसायाच्या पहिल्या टप्प्यात गायिकांचे प्रमाण लक्षणीय का होते, याचे कारण सामाजिक आहे. तथाकथित प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी चार लोकांत गाणे तेव्हा अप्रशस्त मानले जाई. अनेक मोठे गवईही आपली विद्या यंत्राच्या स्वाधीन करण्यास नाखूष होते. व्यावसायिक गायिकांना मात्र बिदागी घेऊन गाण्याची सवय होती आणि श्रोत्यांची नेमकी जाण होती. नव्या यंत्राचे महत्त्व त्यांनी लवकर ओळखले. यंत्राने त्यांना संधी दिली हे खरेच. पण त्या यंत्राला बाजारपेठ मिळवून देण्यात या गायिकांचाही मोठा वाटा होता, हेही तितकेच खरे.

तबकडीवरील कागदी चकतीही अभ्यासण्याजोगी आहे. पुरुष कलावंतांच्या नावामागे 'मास्टर', 'प्रोफेसर', 'पंडित' अशा उपाध्या आढळतात. गायिकांच्या नावाशी 'बाई' किंवा 'जान' हे शब्द येतात. हा शब्द आदरवाचक होता, त्याचबरोबर त्यातून तिचा व्यवसाय व सामाजिक स्थान सूचित होत असे. एका शब्दात सन्मान आणि अंतर दोन्ही सामावलेले होते. 'बाई सुंदराबाई' हे नाव या दृष्टीने वाचावयास हवे.

साधन म्हणून तबकडीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे मिळत. बैठकीची लावणी हा मुळात विस्ताराचा प्रकार आहे. एकच ओळ निरनिराळ्या भावांनी पुन्हा पुन्हा सांगणे, दृष्टी, हस्तमुद्रा व बसल्या जागी केलेली अदाकारी यांतून तिचा अर्थ उलगडणे, हे तिचे मर्म. तीन मिनिटांत यातील बराचसा भाग गळून पडतो व दृश्य अंग तर उरतच नाही. शिवाय काय मुद्रित करावयाचे हे ठरविताना कंपनीची दृष्टी विक्रीवर असे. म्हणून तबकडी म्हणजे त्या गायिकेची संपूर्ण कला नव्हे. परंतु चाल, लय, शब्दोच्चार, आवाजाची फेक, हरकतींची जागा या गोष्टी तबकडी जितक्या निर्विवादपणे सांगते, तितक्या कोणतीही आठवण सांगू शकत नाही.

सुंदराबाईंचे गायन

सुंदराबाईंची परंपरा बैठकीची होती. मराठी लावणी आणि उत्तरेकडील ठुमरी-गझल ही दोन भिन्न विश्वे आहेत, अशी समजूत अभ्यासक्रमांतील विभागणीमुळे रूढ झाली आहे. सुंदराबाईंच्या तबकड्या ऐकणाऱ्यास ही समजूत सोडून द्यावी लागते. मराठी, हिंदी व उर्दू या भाषांतून त्या सहजपणे गातात. लावणीत ठुमरीची लडिवाळ मुरड येते आणि गझल गाताना शब्द स्पष्टपणे श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची लावणीतील शिस्त सुटत नाही. पुण्या-मुंबईच्या बैठकीत बहुभाषी श्रोतृवर्ग असे आणि गायिकेला सर्वांचे समाधान करावे लागे. या व्यावसायिक गरजेतून एक संमिश्र गायनशैली घडली. संगीताच्या इतिहासात घराण्यांच्या वंशावळी असतात, परंतु अशा शैलीला त्यांत रकाना नाही.

सुंदराबाई तबकडीपुरत्या मर्यादित राहिल्या नाहीत. नभोवाणीवर त्या गायिल्या आणि बोलपट आल्यावर पडद्यावरही दिसल्या. प्रभात फिल्म कंपनीच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'माणूस' (१९३९) या चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईची भूमिका केली. चित्रपटाचा विषय पोलीस शिपाई गणपत आणि वेश्याव्यवसायातील मैना यांचे प्रेम हा आहे. गणपत मैनेला आपल्या भाविक आईकडे नेतो. त्या घराचे पावित्र्य पाहून मैनेला आपल्या पूर्वायुष्याची जाणीव अधिकच बोचते. बैठकीच्या व्यवसायामुळे ज्या वर्गातील गायिकांना समाजाने प्रतिष्ठेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच वर्गातील एका गायिकेने या चित्रपटात प्रतिष्ठित घराची मूर्ती साकारली. प्रेक्षकांनी ती स्वीकारली. तिच्या अभिनयाचे सामर्थ्य त्यांना मान्य होते. तिच्या व्यवसायाला इतिहासात स्थान देणे हा मात्र वेगळा प्रश्न होता.

'चाल' या शब्दामागील व्यक्ती

२३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे निधन झाले. 'एकच प्याला' तेव्हा रंगभूमीवर आलेले नव्हते आणि त्यातील पदेही रचली गेलेली नव्हती. ती नंतर गुर्जरांनी रचली व गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले. यापूर्वी 'मानापमान' (१९११) च्या चाली गोविंदराव टेंबे यांनी, तर 'स्वयंवर' (१९१६) च्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या होत्या. 'एकच प्याला'साठी अनेक चाली घेतल्या गेल्या त्या सुंदराबाईंकडून. मद्यपी पतीच्या संसारात पिचणाऱ्या सिंधूची आर्तता ज्या स्वरांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, त्या स्वरांचे मूळ असे बैठकीत आहे.

येथे मराठी नाट्यमुद्रणाची एक प्रथा लक्षात घ्यावयास हवी. किर्लोस्करांच्या काळापासून संगीत नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गीताचे आरंभीचे शब्द देण्याची पद्धत होती. अभ्यासकाच्या दृष्टीने ही ओळ अमूल्य आहे, कारण त्या पदामागील गीत कोणते होते हे तिच्यावरून समजते. पण ती ओळ गीताचे नाव सांगते, गाणाऱ्याचे नाही. टेंबे आणि बखले यांची नावे त्यांच्या स्वतंत्र प्रतिष्ठेमुळे टिकली. टेंब्यांनी तर लेखनही विपुल केले, आणि बखलेबुवांमागे शिष्यपरंपरा होती. सुंदराबाईंच्या बाबतीत चाल ही जणू कोणाच्याही मालकीची नसलेली, बैठकीतून सहज उचलता येण्याजोगी वस्तू मानली गेली. पुरुष संगीतकाराने दिली तर ती 'रचना' आणि बाईने दिली तर 'बैठकीतली चाल', असा हा भाषेतला भेद आहे व श्रेयाच्या वाटणीतील अन्याय त्यातच दडलेला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. बालगंधर्वांनी त्या चालींना जे रूप दिले ते त्यांचे स्वतःचे होते. नाट्यप्रसंग, पात्राची भावस्थिती व स्वतःची गायकी यांच्या संयोगाने त्यांनी मूळ चालीचे सोने केले, असे म्हणता येईल. हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. परंतु चाल घेणाऱ्याची प्रतिभा मान्य केल्याने देणाऱ्याची प्रतिभा अमान्य होत नाही. बखलेबुवांच्या चालींनाही बालगंधर्वांनी आपले रूप दिलेच, तथापि 'स्वयंवर'च्या यशातून बखलेबुवांचे नाव कोणी वगळत नाही. मागणी वेगळ्या न्यायाची नाही; एकाच न्यायाची आहे.

याला आणखी एक पैलू आहे. व्यावसायिक गायिकेचा स्वर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्या कंठातून मध्यमवर्गीय प्रेक्षागृहात गेला आणि तेथून घरोघरच्या स्त्रियांच्या ओठांवर आला. ज्या गायिकेच्या बैठकीस जाण्याची कल्पनाही त्या स्त्रियांना करता आली नसती, तिच्याच चाली त्या देवघरात व माजघरात गुणगुणत होत्या. नाट्यगीत, स्त्रीभूमिका व गायिका यांच्या या संबंधांकडे ऊर्मिला भिर्डीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

विस्मरणाची कारणे

हे विस्मरण आपोआप घडलेले नाही. त्याची काही कारणे संस्थात्मक आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास, सरदार पटेल यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना नभोवाणीवर स्थान देऊ नये असे धोरण आले. पुरुष कलावंतांच्या खाजगी जीवनाची अशी चौकशी झाली नाही. पाठोपाठ मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर सुधारणेच्या अटींसह तो पुन्हा सुरू झाला. लावणी ही 'सुधारण्याची' गोष्ट आहे हे शासकीय भाषेतच रूढ झाले. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात लावणी कलावंतांचे श्रम, जात व लैंगिकता यांवरील नियंत्रणाचा हा इतिहास मांडला आहे.

दुसरे कारण अभिरुचीचे. 'रामजोशी' (१९४७), 'सांगत्ये ऐका' (१९५९) यांसारख्या चित्रपटांनी लावणीला अफाट लोकप्रियता दिली, पण ती चित्रपटीय लावणीला. बसून, अर्थ उलगडत गायिली जाणारी बैठकीची लावणी नव्या श्रोत्याला अनोळखी झाली. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्यासारख्या कलावतींनी ती टिकविली नसती, तर तबकडीवरील लावणी ऐकून समजून घेण्यासाठी जिवंत संदर्भच उरला नसता. तिसरे कारण तांत्रिक : १९७० च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन थांबले. जे गायन दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर किंवा कॅसेटवर पुन्हा आले तेच वाचले. उरलेले चोरबाजारात गेले अथवा भंगारात.

याच्या उलट उदाहरण केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांचे. त्यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर आहे. त्याही व्यावसायिक गायिकांच्या समाजातूनच आलेल्या. परंतु ख्याल गायकी, जयपूर घराणे आणि मैफल यांच्या आधारे त्या अभिजाततेच्या नोंदवहीत दाखल झाल्या. सुंदराबाईंच्या लावणी-गझलेला तो आधार नव्हता.

ब्लूज गायिकांशी तुलना

याच दशकांत अटलांटिकपलीकडे असेच काही घडत होते. ऑगस्ट १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांनी गायिलेल्या 'क्रेझी ब्लूज'च्या तबकडीस मिळालेल्या यशामुळे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्‌स' नावाची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. मा रेनी आणि बेसी स्मिथ (१८९४-१९३७) या त्या काळच्या सम्राज्ञी. बेसी स्मिथ यांची १९२३ मधील पहिली यशस्वी तबकडी 'डाउनहार्टेड ब्लूज' हिची रचना मुळात अल्बर्टा हंटर व लोव्ही ऑस्टिन या दोन स्त्रियांची होती. बेसी यांच्या थडग्यावर १९७० पर्यंत शिळाही नव्हती. अल्बर्टा हंटर यांनी गायन सोडून न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात सुमारे वीस वर्षे परिचारिकेचे काम केले आणि १९७७ साली निवृत्त झाल्यावर, ऐंशी ओलांडल्यानंतर, पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले. अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात मा रेनी व बेसी स्मिथ यांच्या तबकड्या ऐकून गीतांचे शब्द लिहून काढले आणि त्यांतून श्रमिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विचारविश्वाचा इतिहास उभा केला.

ही तुलना मर्यादेतच करावयास हवी. ब्लूजची मुळे गुलामगिरीत व तिच्या पश्चात आलेल्या वर्णभेदात आहेत. बैठकीच्या गायनामागे जात, दरबार व आश्रयदाते यांची वेगळी रचना आहे. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. ब्लूज गायिका पुष्कळदा स्वतः गीते रचीत, त्यामुळे शब्दांचा अभ्यास करून त्यांचे मनोगत शोधता येते. मराठी लावणीचे शब्द प्रायः शाहिरांचे, म्हणजे पुरुषांचे. तेव्हा केवळ शब्दांवरून सुंदराबाईंचे कर्तृत्व मोजू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. त्यांचे कर्तृत्व चालीत, आघातात, ओळ कोठे थांबवावी व कोठे पुन्हा घ्यावी या निवडीत आहे. म्हणून डेव्हिस यांनी शब्द उतरवून घेतले, तसे आपल्याला चाली स्वरलिपीत उतरवून घ्याव्या लागतील.

तबकडी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर पवळाबाई हिवरगावकर यांच्या कथेत मिळते. तमाशाच्या फडात उभी राहणारी पहिली स्त्री म्हणून परंपरा त्यांचे नाव घेते. परंतु पठ्ठे बापूरावांच्या लावण्या छापील रूपात, त्यांच्या नाममुद्रेसह उरल्या. पवळाबाईंच्या वाट्याला आख्यायिका आली. त्या आख्यायिकेत त्यांचे रूप आहे, बापूरावांचे त्यांच्यावरील प्रेम आहे. त्यांचे गाणे नाही. सुंदराबाईंच्या बाबतीत गाणे उपलब्ध असूनही आपण ते ऐकत नाही, हा फरक अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावयास हवा.

पुढील कार्याची दिशा

या क्षेत्रातील प्राथमिक काम विद्यापीठांबाहेर झाले. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संगाहकांनी जुन्या तबकड्या जमवून त्यांच्या सूची केल्या, नियतकालिकातून लेख प्रसिद्ध केले, श्रवणसत्रे घेतली. विक्रम संपत यांनी २०१० मध्ये लिहिलेले गौहरजान यांचे चरित्रही हेच दाखविते की, तबकडी आणि दप्तर यांची सांगड घातल्यास विस्मृत गायिकेचे चरित्र सिद्ध करता येते.

महाविद्यालयांना येथे निश्चित भूमिका आहे. ठाणे-कळवा परिसर कोकण, देश, खानदेश, मराठवाडा आणि मुंबईचे गिरणगाव येथून आलेल्या कुटुंबांनी वाढला. अशा कुटुंबांच्या माळ्यावर फोनो आणि लाखेच्या तबकड्या असण्याचा संभव असतो, आणि इमारतींच्या पुनर्विकासात सर्वप्रथम टाकून दिल्या जातात त्या अशाच वस्तू. इतिहास, मराठी व संगीत या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी तबकड्यांची नोंद करावी : कंपनी, क्रमांक, गायिकेचे छापील नाव, गीतप्रकार, आणि ती तबकडी त्या घरात कशी आली याची हकीकत. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या साहाय्याने जुन्या नाटकांच्या छापील प्रतींतील 'चाल' या ओळी तबकड्यांशी ताडून पाहता येतील. ज्या घरांत आजी-पणजीने बैठकीत गाणे हा व्यवसाय केला, तेथे मात्र नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी कुटुंबाची संमती घेणे आवश्यक आहे. लांच्छनाचे ओझे अद्याप उतरलेले नाही, आणि संशोधनाने ते वाढवू नये.

समारोप

सुंदराबाईंचे नाव तबकडीवर छापलेले होते, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत होते, जाणकारांच्या बोलण्यात होते. ते नव्हते केवळ तेथे, जेथून पुढील पिढीला शिकविले जाते. म्हणून त्यांचा पुनर्शोध हा सहानुभूतीचा किंवा स्मरणरंजनाचा विषय नाही; तो पाठ्यपुस्तकातील वाक्य बदलण्याचा विषय आहे. 'एकच प्याला' शिकविताना नाटककार, पदकर्ता आणि नट यांच्याबरोबर चाली देणाऱ्या गायिकेचे नाव सांगणे, आणि नाट्यपदाशेजारी तिची एखादी तबकडी वर्गात ऐकविणे, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. त्यासाठी निधीची वा आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. तबकडीला मात्र आयुष्य असते. ती तडकते, तिच्या रेघा झिजतात, आणि एकदा फुटली की तिची दुसरी प्रत मिळेलच असे नाही.